बाबांचा खोकला

माझी भावजय मयताच्या घरी लोकांना हसवते. कुचेष्टा करत नाहीये मी. तेच तिचं काम आहे, आणि त्या कामात अख्ख्या योहान्सबर्गमध्ये तिचा हात कुणी धरू शकत नाही. मी तिची नणंद. आमच्यात नणंदेला तेते म्हणतात आणि तेतेशी सुनेनं गुडघे टेकून बोलायचं असतं. अशा नणंदेच्या तोंडून कौतुक निघतंय म्हटल्यावर बाई काय ताकदीची असेल ते तुम्हीच ओळखा.

तिचं नाव सेकेसाई, कुळ चिहेरा. चिहेरांच्या लेकींच्या घरात नवरा पाहुण्यासारखा राहतो असं आमच्याकडे बोलतात, आणि माझा भाऊ विल्बर्ट लग्न झाल्यापासून तसाच राहतोय. तो बेकरीत रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो आणि भांडणाचा नुसता वास आला तरी पांघरूण डोक्यावर ओढतो. सेकेसाई आठवडाभर परक्यांची घरं झाडते-पुसते. शनिवार-रविवारी मात्र ती सून असते.

गावाकडे, सीमेपलीकडच्या गुटूला, माणूस गेला की घरच्या सुनांनी त्याचे कपडे अंगावर चढवायचे. त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खेकसायचं, त्याच्या खोड्या चारचौघांत उघड्या करायच्या. बाकी सगळे मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायानं रडत असतात. खरं बोलायची मुभा एकट्या सुनेला. त्या अंगणात सून जे बोलेल त्याचा राग कुणी धरायचा नाही. मुलानं नाही, भावानं नाही, सासूनं तर नाहीच नाही.

पण योहान्सबर्गात सुना आणायच्या कुठून? माणसं एकेकटी सीमा ओलांडून आलेली. कुणी गेलं की आमची अंत्यविधी मंडळी वर्गणी काढते, गाडीमागे ट्रेलर जोडते आणि पेटी गावाला धाडते. निघण्याआधी इमारतीच्या आवारात सगळे जमतात, आणि तिथे नाचायला सून नसते. सेकेसाईनं त्यावर स्वतःच तोड काढली. आमचं कुळ सोको, तेव्हा शहरातला प्रत्येक सोको तिचा सासरा नाहीतर दीर. मग सोकोंचे व्याही आले, व्याह्यांचे शेजारी आले, आणि बघता बघता शहरभर तिचं सासर झालं.

माशिंगाइझे शिंपी गेला तेव्हाची गोष्ट. बेरिया वस्तीतल्या आमच्याच इमारतीत राहायचा. सेकेसाईनं त्याची टेप गळ्यात टाकली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि रडणाऱ्या माणसांची मापं घ्यायला सुरुवात केली. कंबर मोजून झाली की प्रत्येकाला सांगायची, "गुरुवारी या, तयार असेल." एकाची विजार तर खरोखरच तीन वर्षं त्या शिंप्याकडे अडकली होती. तो आधी हसला, मग भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडला. शिंप्याची बायको हसून हसून खाली बसली. पेटीवर हात ठेवून म्हणाली, "ऐक, ऐक, तुला काय म्हणतेय ती."

मी तेव्हा तळमजल्यावर माझ्या दुकानात सोलांजच्या वेण्या घालत होते. सोलांज कॅमेरूनची. आपल्या ओझ्याच्या चौकड्यांच्या पिशव्या असतात ना, त्या शिवून ती छताला लागतील एवढे बायकांचे पुतळे बनवते. हसणं ऐकून ती अर्ध्या वेण्या घातलेल्या, अर्धं डोकं पिंजारलेलं अशी उठून आवारात गेली. मी हातात कंगवा घेऊन मागे. अर्ध्या तासानं परत येऊन खुर्चीत बसली.

"मेव्हिस, ही कलावंत कोण?"

"कलावंत कसली, भावजय आहे माझी. मान सरळ ठेव."

सोलांज एका जुन्या गोदामात प्रदर्शन भरवत होती. सगळ्या बाहेरून आलेल्या बायका, आपापल्या देशातून या शहरात येऊन काहीतरी घडवणाऱ्या. वेण्या पुऱ्या झाल्या तशी ती थेट सेकेसाईच्या दारात.

"हे तू आमच्या प्रदर्शनात कर."

"मेलंय कोण?" सेकेसाईनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग करू कुणाचं?"

"कुणाचंही. कला म्हणून."

"अगं बाई, कुणी मेलेलं नसताना मी कुणासारखी खोकले, तर तो खोकला ज्याचा असेल तो आठ दिवसांत आडवा व्हायचा. माझ्यावर खुनाचा आळ आणतेस का?"

ही बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचा म्हातारा पीटर म्हणाला, माझं कर, निदान मला बघायला तरी मिळेल. त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरून आत नेलं.

सोलांज हिरमुसून जायला निघाली. ती जिन्यापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात सेकेसाईनं मागून हाक मारली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मीच चपापले. सणाला पोरीला नवा झगा मिळावा तशी ती उजळली होती.

"थांब. माझं एक राहिलंय," ती म्हणाली. मग माझ्यापुढे गुडघे टेकले. "तेते, बाबांचं करू?"

बाबा म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेले. विल्बर्ट गेला, मी गेले, सेकेसाई जाऊ शकली नाही. तिच्या पासपोर्टची मुदत कधीच उलटली होती. एकदा ती सीमेपलीकडे गेली असती तर परत यायची वाट बंद, आणि मुलं इथं शाळेत. गावी धाकट्या भावाच्या बायकोनं बाबांची टोपी घातली आणि शेळी शिंकावी तशी खोकली. कुणी हसलं नाही. आई पेटीपाशी बसून म्हणाली, "ज्यानं जन्मभर गाव हसवलं तो मुक्यानं चालला. आणि आमची थोरली तिकडे परक्यांच्या मयतात नाचतेय."

त्या दिवसापासून आई सेकेसाईशी बोलत नाही. नातवंडांशी बोलते, विल्बर्टशी बोलते. फोन सेकेसाईनं उचलला तर विचारते, "घरात कुणी माणूस आहे का?" आईचा पासपोर्ट अगदी व्यवस्थित आहे. तरुणपणी क्रोशाचे रुमाल विकायला ती या शहराच्या किती खेपा करायची. पण दोन वर्षांत नातवंडांना बघायलाही आली नाही. आणि सेकेसाई, एवढी तोंडाळ बाई, यावर तिनं कधी चकार शब्द काढला नाही. मला तर कधीकधी वाटायचं, हिला काही वाटतच नाही की काय.

आईचं आणखी एक दुखणं होतं, ते तिनं फक्त माझ्याकडे बोलून दाखवलं. शेवटच्या हिवाळ्यात बाबा रोज तिन्हीसांजेला गोठ्यामागच्या वारुळावर चढायचे. आमच्या वाडीत फोनला रेंज तिथेच येते. छाती भाता झालेली, बोचरा वारा, तरी हातात फोन घेऊन हे वर. कुणाशी बोलता विचारलं तर म्हणायचे, मंडळीच्या लोकांशी. "मंडळीचे कसले," आई म्हणायची, "नदीपलीकडच्या त्या विधवेशी बोलत असणार." शहात्तराव्या वर्षी! मी हसले तेव्हा आईनं आठवडाभर माझाही फोन घेतला नाही.

तर बाबांचं करायचं म्हणजे आईला विचारणं आलं. सेकेसाई विचारणार कशी? तिनं विल्बर्टला सांगितलं. दुसऱ्या दिवशी विल्बर्ट म्हणाला, "विचारलं. हो म्हणाली." त्यानं पांघरुणातूनच सांगितलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग जो उत्साह चढला! सेकेसाईनं रविवारच्या बाजारातून जुना कोट आणला, टोपी आणली. लादी पुसता पुसता बाबांसारखी पाय ओढायची. इमारतीच्या जिन्यात मला दोनदा बाबा दिसले आणि दोनदा मी दचकले. मुलं आजोबा आजोबा करत तिच्या मागे. विल्बर्ट म्हणाला, पाव मी भाजतो, बेकरीच्या मालकाला विचारून. अंत्यविधी मंडळीच्या प्रमुख माय चेंजेराय यांनी फोनवरच्या गटात सगळ्यांना कळवलं, "शनिवारी दुपारी तीन वाजता सेकेसाई सून म्हणून नाचणार आहे. पत्ता खाली दिला आहे. सर्वांनी यावे."

एवढंच. कोण गेलं ते त्यात नव्हतं, आणि आमच्यात ते कुणी विचारतही नाही. सून नाचणार म्हटल्यावर कुणीतरी गेलंय हे उघड आहे, आणि गेलं आहे तर जायचं असतं.

तो निरोप फिरत फिरत गावीही पोचला. गुरुवारी सकाळी आईचा फोन आला.

"मेव्हिस, कोण गेलं?"

"कुणी नाही गं आई!" मला हसूच आलं.

"विल्बर्टचा फोन बंद का आहे?"

"रात्रपाळी झाली, झोपला असेल."

"तो बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. काळजी करू नकोस. जेवलीस का? आधी नीट जेवून घे."

आईनं फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

आता तुम्हाला सांगते मी काय करून बसले होते. आमच्यात फोनवर मरण सांगत नाहीत. सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस, आधी जेवून घे, असंच सांगतात आणि मग माणूस समजायचं ते समजतो. बाबा गेले तेव्हा काकांनी मला हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द. पण त्या गुरुवारी माझ्या डोक्यात प्रदर्शन नाचत होतं, तिथे हे कुठून सुचणार?

शनिवारी दुपारी आम्ही गोदामात पोचलो. छतापासून सोलांजच्या पिशव्यांच्या बायका लोंबत होत्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या. एका मोझांबिकच्या पोरीनं भिंतभर लुगडी शिवून त्यांचा समुद्र केला होता. मधोमध पिशव्यांचाच एक मोठा ढीग, माणूस चढेल एवढा. चष्मेवाले, उंच टाचांच्या, हातात निमुळते पेले घेतलेले लोक हलक्या आवाजात बोलत होते. आणि तेवढ्यात आमची माणसं आली.

डोक्याला फडकी बांधलेल्या, कमरेला लुगडी गुंडाळलेल्या बायका रांगेनं आत. कुणाच्या डोक्यावर पातेलं, कुणाच्या पाठीवर मक्याच्या पिठाची गोणी, दोघींच्या हातात कोबीचे गड्डे. मागून पुरुष, टोप्या काढून, मान खाली घालून. बायकांनी खुर्च्या बाजूला सारून लादीवर बसकण मारली. माय चेंजेराय यांनी वर्गणीचं ताट दारात ठेवलं. आवारात चूल पेटली, मक्याच्या पिठाचा साडझा रटरटायला लागला. उंच टाचांची एक बाई ताटात पैसे टाकून मला हळूच विचारते, "दुःख नक्की कुणाबद्दल व्यक्त करायचं?"

मी धावतच माय चेंजेराय यांच्याकडे गेले. "अहो, कुणी मेलेलं नाहीये!"

त्यांनी मला छातीशी धरलं. "असू दे, तेते. आम्हाला कळतं. रडून घ्या."

"अहो माय, खरंच सांगते..."

"हो हो. धीर धरा."

मी जितकं सांगावं तितक्या बायका माझ्या गळ्यात पडत होत्या. सोलांज मात्र आनंदानं वेडी झाली होती. एका म्हातारीनं छताकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं की ती तिसरी पिशवी माझी आहे, सीमेवर बाईटब्रिजला चोरीला गेली होती, काढून द्या. सोलांजनं तिला मिठीच मारली.

आणि दारात आई उभी राहिली.

काळं फडकं कपाळापर्यंत ओढलेलं, बसच्या प्रवासानं पाय सुजलेले, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तिनं ती लादीवर बसलेली बायकांची गर्दी बघितली, ताट बघितलं, आणि जो टाहो फोडला!

"माझ्या विल्बर्टा! म्हातारीला कुणावर टाकून गेलास रे!"

झालं. चाळीसेक बायकांना एवढा वेळ रडायला नाव मिळत नव्हतं, ते मिळालं. विल्बर्टाऽ म्हणून सगळ्यांनी एकदमच सूर धरला. चष्मेवाल्यांनी पेले खाली ठेवले. मी आईकडे जायला बघतेय तर माय चेंजेराय मला सोडत नाहीत. एवढ्यात मागच्या दारातून विल्बर्ट आला, हातात पावांचं तबक, नाकाला पीठ.

"काय गं आई? हाका कशाला मारतेस?"

आईचा सूर अर्ध्यात तुटला. ती त्याच्यापाशी गेली. त्याचे गाल चाचपले, दोन्ही कान चाचपले. मग अशी एक थोबाडीत दिली की पाव पार समुद्राच्या लुगड्यापर्यंत घरंगळले.

"तू मेला नाहीस?"

"नाही गं आई."

"मग सांगायला काय झालं होतं मेल्या?"

चष्मेवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. सोलांज कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. मी सुद्धा हसतेय की रडतेय मला कळत नव्हतं.

टाळ्या ओसरल्या तशी आईनं आजूबाजूला पाहिलं. "मग सून कुणासाठी नाचतेय?"

विल्बर्ट खाली वाकून पाव गोळा करायला लागला. तेव्हा मला उमगलं की यानं आईला काही विचारलंच नव्हतं.

सेकेसाई पुढे आली. अंगात बाजारातला कोट, हातात टोपी. आईसमोर गुडघे टेकून तिनं ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवल्या, सुनेनं वाजवायच्या तशा. "बाबांसाठी, आई."

आईनं तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "मेव्हिस, तिला सांग. दोन वर्षं उशीर झालाय."

"आई, ती समोरच बसलीय."

"तिला सांग."

मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.

"आणि सांग, त्यांचा कोट असला नव्हता. हा तर त्यांनी शेळ्या राखतानाही घातला नसता." असं म्हणत तिनं काखेतला कागद सोडला. आत बाबांचा कोट होता, खराखुरा, तपकिरी, कोपरावर ठिगळ. बाबांमागे तो थोरल्याला द्यायचा राखून ठेवला होता; विल्बर्टच्या पेटीवर घालायला म्हणून आणला होता तिनं. 

सेकेसाईचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. चिहेराची ना शेवटी. "तेते, आईंना सांगा. चूल पेटलीय, बायका बसल्यात, मयताचं अंगण मांडून झालंय. आता मी नाचले नाही तर अपशकुन होईल. मला बाबांचं करू द्या. त्यानंतर आईंनी नको म्हटलं, तर मी पुन्हा सून म्हणून कुठेच उभी राहणार नाही. ना इथे, ना कुणाच्या आवारात."

ती हे नुसतं बोलायला म्हणून बोलत नव्हती, मी ओळखते तिला. आईनं पाय मुडपले, बायकांमध्ये चटईवर बसली, कोट मांडीवर घेतला. "करू दे," ती मला म्हणाली.

कुणीतरी ढोलावर थाप मारली आणि बाबा आले.

आधी खुर्ची. बसण्याआधी बाबा खुर्चीला टोपीनं झटकायचे, मग तिच्याखाली वाकून बघायचे, जणू कोंबडी लपलीय. मग बसायचे आणि लगेच उठून दुसऱ्या खुर्चीत जायचे. गुटूकडची माणसं ओळखून हसायला लागली. मग त्यांचं बहिरेपण. शेळ्या कुणी सोडल्या विचारलं की ऐकू यायचं नाही, चहा झाला म्हटलं की तीन घरांपलीकडून ऐकू यायचं. माय चेंजेराय बाबांना कुळाच्या नावानं हाक मारून ओरडल्या, "सोको, शेळ्या कुठायत?" सेकेसाईनं कानामागे हात धरला. "चहा? हो, आलोच." गोदाम हसण्यानं दणाणून गेलं. मंडळी खिदळत होती, चष्मेवाले खिदळत होते, दारावरचा पहारेकरी काठी टाकून वाकला होता. मी तर टाळ्या पिटत होते. माझे बाबा, माझे बाबा, असं शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते.

आई दगडासारखी. ओठ मिटलेले.

मग सेकेसाईनं पायातला जोडा काढला, फोनसारखा कानाला लावला आणि पिशव्यांच्या ढिगावर चढायला लागली. एक पाय, थांबणं, दम खाणं, दुसरा पाय. मध्येच मागे वळून चोरासारखं बघणं. शेंड्यावर पोचली आणि खोकली.

आधी दोन लहान, वर वर. मग एक खोल, पोटातून निघालेला, न संपणारा. आणि शेवटी तो खाकरा, कुणी आपलं म्हणणं खोडून काढल्यासारखा. मी खरंच मागे वळून बघितलं. आईचा हात कोटावर घट्ट झाला होता.

"हॅलो, सूनबाई?" ढिगावरून बाबा जोड्यात बोलले. "ऐकू येतंय ना? थांब जरा. म्हातारी शेळ्या बांधतेय. हां, पाठ आहे तिची. ऐक आता. आजचा खोकला कालच्याहून सरस आहे, नीट ध्यानात ठेव." पुन्हा तो खोकला. "आता तू करून दाखव. शी! हा काय खोकला? हा कोंबडीचा. पोटातून आण, पोटातून. तू नीट खोकली नाहीस तर लोक म्हणतील म्हातारा सर्दीनं गेला."

लोक पोट धरून हसत होते. आमची माणसं मात्र हळूहळू गप्प व्हायला लागली होती.

"आणि हे बघ. मी गेलो की तू यायचं नाहीस. रडू नकोस, फोनचे पैसे जळतायत. सीमेवर अडकलीस तर माझ्या नातवंडांना शाळेत कोण धाडणार, विल्बर्ट? तो झोपलेला असतो. माझा हुकूम आहे, यायचं नाही. धाकटीला नाचू दे माझ्या पेटीसमोर, शेळीसारखी. पण कधीतरी माझं कर. म्हातारीसमोर कर. तोवर तिला यातलं काही बोलायचं नाही. मी माझ्याच मयताची तालीम घेतोय हे तिला कळलं, तर आजाराच्या आधी तीच मला मारेल. ठेवतो आता. आली ती."

सेकेसाईनं जोडा खाली घेतला आणि बाबांसारखंच निरागस तोंड करून आभाळाकडे बघत उभी राहिली.

एवढ्यासाठी ही बाई दोन वर्षं गप्प होती. घरात बसून सासूला कोणत्या सुनेनं सांगावं, की तुमचा नवरा तुमच्याआड माझ्याशी बोलायचा? ते सांगायची जागा जगात एकच, मयताचं अंगण. मला तिचा राग आला, बाबांचा आला, आणि दोघांना घट्ट मिठी मारावीशी वाटली.

"वारुळावर," आई पुटपुटली. "म्हणून ते वारुळावर." मग माझा हात धरून म्हणाली, "आणि मी त्या बिचाऱ्या विधवेला दोन वर्षं चिमूटभर मीठ दिलं नाही गं."

मग ती उठली. सुजल्या पायांनी गर्दीतून ढिगापाशी गेली. सेकेसाई खाली उतरली, गुडघे टेकणार तोच आईनं तिला दंडाला धरून उभं केलं. बाजारातला कोट तिच्या अंगातून ओढून लादीवर टाकला. बाबांचा कोट चढवला. गुंड्या लावल्या, आणि सगळ्यात वरची मुद्दाम चुकीच्या काजात लावली, बाबा लावायचे तशी.

"सूनबाई," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून. "वर चढ. परत खोक."

सेकेसाई वर चढली. एक पाय, दम, दुसरा पाय. खोकली.

आईनं खालून मान वर केली, कमरेवर हात ठेवले, आणि त्या सबंध हिवाळ्यात रोज तिन्हीसांजेला मारायची तीच हाक मारली. "सोको, पुरे झालं बोलणं. या आता खाली. चहा गार होतोय."

"आलो गं," सेकेसाई म्हणाली, आणि आईचा हात धरून एकेक पाऊल टाकत खाली उतरली.